ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात

गाडीची बहुतेक कामं एकट्या माणसाला जमतात. चाक बदलता येतं, ऑइल बदलता येतं, बॅटरी काढून परत बसवता येते. ब्रेकची हवा काढणं तेवढं एकट्याचं काम नाही. एकानं सीटवर बसून पॅडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की निपल आवळायचा आणि मग वरच्याला सांगायचं, आता सोड. वरच्यानं घाई केली तर बाहेर गेलेली हवा परत आत जाते. दोघं एकमेकांना दिसत नसतात, तरी दोघांचं लक्ष एकमेकांकडेच पाहिजे.

अकोल्यात माझ्यासाठी पॅडलवर पाय ठेवणारं कोणी नाही, हे ब्रेक उघडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तसं एकटेपण रोजचंच होतं. पण रोजचं असलं की ते दिसत नाही. हात काळे झालेले, चाक काढून बाजूला ठेवलेलं, आणि आता हाक कोणाला मारायची, असं झालं तेव्हा दिसलं.

मी मूळचा समुद्राकाठचा, देवगडच्या बाजूचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच जायचा थांबलो, आणि परत बोलवायला कोणी आलं नाही. मग आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. ट्रकच्या ड्रायव्हरला मी उस्ताद म्हणायचो. एका हंगामात अकोल्याला पेट्या उतरवल्या आणि उस्तादाला इथल्याच एका मालकाकडे काम मिळालं. त्याच्यामागे मीही राहिलो. पुढे उस्ताद सुरतेकडे निघून गेला. मी जायचं ठरवेन ठरवेन म्हणत इथंच राहिलो. आता माझी स्वतःची जुनी पिकअप आहे. अंजनगाव सुर्जीहून विड्याच्या पानांच्या करंड्या ओल्या गोणपाटाखाली झाकून आणायच्या आणि अकोल्याच्या बाजारात पोचवायच्या. पानं वाटेत सुकू नयेत, एवढी एकच काळजी त्या धंद्याला असते. बाकीच्या काळज्या मी माझ्या घालतो. दार लावून निघालो की परत येऊन कडी बघतो. स्टेपनीला हात लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. उस्ताद म्हणायचा, तुझ्या पोटात भीतीचा कारखाना आहे.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका मावशीच्या अंगणातल्या खोलीत मी भाड्यानं राहतो. मावशी एकटीच. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यांच्या सरकारी नोकरीची पेन्शन येते. रविवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जाते आणि परत आल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाची खबर घेते. तिचं बोलणं पहिल्या दिवशी मला भांडणच वाटलं होतं. "एवढ्या दूर काहून आला रे? तिकडं काम नव्हतं का?" असं दारातच विचारलं आणि त्याच आवाजात पुढे विचारलं, "जेवला का?" इकडे बायाही येतो, जातो म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीआडून ती "येतो मी" म्हणाली तेव्हा घरात पुरुषमाणूस कोण आला म्हणून मी बाहेर डोकावून पाहिलं होतं.

या मावशीची एकुलती मुलगी धारणीच्या पलीकडे एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण मुलगी म्हणाली, दवाखाना माझा, डॉक्टरीणबाई माझ्या, आणि या उन्हात घाटातून पोटावर धक्के खात मी खाली येणार नाही. त्यावर मावशीनं दोन दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुया गाडीत पलंग मावते का?"

"मावतो की. कशाला?"

"पोट्टी माहेरी येत नसन तं माहेर घेऊन जातो तिच्याकडे. पलंग, कूलर, कोठी, भांडे, समदं. आन् मी तुयाबाजूले बसतो."

मी हो म्हणालो. तिला नाही म्हणायची माझी प्राज्ञाच नव्हती. तापानं पडलो होतो तेव्हा हिनंच पेज करून दिली होती. पेज तिला ठाऊक नव्हती, मी सांगितली तशी तिनं केली, आणि "हे काय, कांजी पेतं का मानूस" म्हणत वाटी पुढे केली होती. येत्या पौर्णिमेची वंदना झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, असं ठरलं.

त्यानंतरच्याच खेपेला अकोटच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आडवी आली. मी ब्रेक दाबला. पॅडल नेहमीच्या जागी थांबलं नाही, पाय लोण्यात जावा तसा खाली गेला. सोडून परत दाबलं तेव्हा गाडी धरली. म्हैस माझ्याकडे न बघता पलीकडे गेली. मी गाडी बाजूला घेतली आणि बोनेट उघडलं. ब्रेकच्या डबीतलं तेल खाली गेलं होतं. मग वाकून चाकं पाहिली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला धूळ ओली होऊन काळी चिकटली होती. तेल गळत होतं.

अंजनगावपर्यंतचा रस्ता सपाट आहे. तिथं असा ब्रेक पुढचे आठ दिवस चालवून नेणारे लोक मी पाहिलेत. पण मला सपाट रस्ता दिसेचना. मला घाट दिसत होता, शेजारी मावशी मांडीवर पिशवी धरून बसलेली, मागे पलंग आणि कोठीचं वजन, आणि पुढे उतार.

लग्नसराई होती. गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा. ओळखीच्या मिस्त्रीनं मान वर न करता सांगितलं, "पौर्णिमेनंतर आण." पौर्णिमेनंतर आणून काय करायचं होतं? चाकाच्या सिलिंडरमधल्या रबरी वाट्या बदलायच्या, एवढंच काम. उस्तादाबरोबर मी ते केलेलं होतं. रबरं विकत आणली आणि अंगणाबाहेरच्या लिंबाखाली गाडी लावून स्वतःच उघडलं.

भीतीनं हात चालवला की काय होतं ते त्या दिवशी झालं. पाइप सोडला आणि तेल गळायला लागलं. खाली भांडं ठेवायचं सुचलं नाही. ठेवलं तोवर डबी रिकामी झाली आणि हवा सगळ्या पाइपातून वर चढली. तेलाचे ओघळ चाकाच्या रंगावर गेले, तिथला रंग नंतर पापुद्र्यासारखा सुटला. नवी रबरं हातात घेतली आणि बसवण्याआधी त्यांना तेलाचा हात फिरवला. खोबरेलाचा.

आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. खारा वारा कोणताही नट सोडत नाही. होडीचा बोल्ट असो, सायकलचं फ्रीव्हील असो, दाराची कडी असो, बसवायच्या आधी तेल लावायचं. नाही लावलं तर पुढच्या वर्षी ते कापूनच काढावं लागतं. माझा बाप तर चष्म्याच्या बारक्या स्क्रूलाही तेलाचं बोट लावायचा. इतकी वर्षं वऱ्हाडात राहूनही, जिथं लोखंड उघड्यावर टाकलं तरी दोन उन्हाळे तसंच राहतं, माझा हात खोबरेलाच्या बाटलीकडेच गेला. वर समाधानही वाटलं. म्हटलं, आता हे पक्कं.

हवा एकट्यानंच काढली. निपलाला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं आणि वर जाऊन हळूहळू पॅडल मारायचं, अशी एक युक्ती आहे. टोक तेलात बुडालेलं असतं, त्यामुळे परत ओढलं तरी तेलच ओढलं जातं. बरी युक्ती आहे, पण निपलाच्या आट्यांमधून कुठून तरी हवा शिरते आणि बघायला खाली कोणी नसतं. तरी पॅडल कडक लागलं. मी दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेहून आलो तर ते चाक हात लावू नये इतकं तापलेलं, आणि आतल्या बाजूला पुन्हा ओल. पहिल्यापेक्षा जास्त.

खोललेली रबरं खिशात घालून सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या काउंटरवर एक जाड भिंगांच्या चष्म्याचे भाऊ बसतात. त्यांनी रबर बोटांत दाबलं, उजेडात धरलं.

"हे तं जांभळावानी फुगलं. काय लावलं होतं?"

"तेल."

"कोनतं?"

"खोबरेल."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "डोक्याले लावून राह्यला का बिरेकले?"

शेजारी बेल्ट घ्यायला उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला मला तोंडओळखीनं ओळखत होता. तो म्हणाला, "कोकनी हाय थो. त्यायच्याकडं समदं खोबरेलातच चालते."

"मंग मासे तळाचे होते ना भाऊ. बिरेक काहून तळला?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. हसताना मला आठवलं की किती दिवसांनी चार माणसांत उभा राहून हसतोय. मग काउंटरवरचे भाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाय. ब्रेकच्या रबराले ब्रेकचंच तेल. दुसरं कोनतंई तेल रबर पेते आन् फुगते. फुगलं का सिलिंडरात फसते, लायनर मागं येत नाई, चाक तापते, मंग रबराची धार जाते आन् गळते. पेट्रोलानं धुवाचं नाई, डिझेलानं तं नाईच. पूर्ण सिलिंडरच नवा घे. तुया गाडीचा इथं नाई, अमरावतीवरून बोलावतो, उद्या येऊन जाईन. आन् नट जोरानं आवळजो नोको. तुमचे समुद्रावरचे लोकं नट असा आवळते का जशी होडी पळून राह्यली."

सिलिंडर आला. उरले दोन दिवस.

यावेळी मी पहाटेच काम काढलं, कारण नऊ वाजले की अकोल्याच्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. जॅकशेजारी लाकडाचा ठोकळा ठेवला. मग पाइपाच्या नटाभोवतीची माती जुन्या दातब्रशनं झाडली आणि फडक्यानं पुसून काढली. पाइप सोडला की आत जाणारा मातीचा कणही पुढे रबर कापतो. आणि मग उस्तादाची जी गोष्ट मागच्या वेळी भीतीत विसरलो होतो ती केली. तो म्हणायचा, तेल गळल्यावर काय पुसतोस, गळायच्या आधी दार लाव. आधी हवेचा निपल सैल करून पॅडल अंगठाभर खाली दाबायचं, तिथंच सीट आणि पॅडलच्या मध्ये काठी अडकवून ठेवायची, मग निपल बंद करायचा. पॅडल तेवढं खाली राहिलं की वरच्या डबीतून तेल उतरायची वाट आतून बंद होते. मी मावशीची कपडे काढायची वेळूची काठी घेतली, मापाला करकोचा पाडला आणि बसवली. मग पाइप सोडला. दोन थेंब आले आणि थांबलं. उघड्या तोंडावर निपलाची रबरी टोपी चढवली. नळीला पक्कड लावून चिमटायचं नाही, हेही उस्तादाचंच. चिमटलेली नळी बाहेरून साजरी दिसते आणि आतून फाटलेली असते.

नवा सिलिंडर बसवला. पाइपाचा नट आधी बोटांनी आट्यांत बसवला, शेवटालाच पाना लावला आणि जेवढा लागला तेवढ्यावर हात थांबवला. थांबवताना आणखी आवळायची मनाला फार ओढ होत होती. लायनर पुसून कोरडे केले, ड्रम चढवला, काठी काढली, डबीत नव्या बाटलीतलं तेल भरलं. गळलेलं तेल परत घालायचं नाही, आणि बाटली उघडून बरेच दिवस झाले असतील तर तीही नाही. ते तेल हवेतलं पाणी ओढतं.

आता हवा. नळी बाटलीत सोडली आणि वर जाऊन पॅडल मारलं. खाली येऊन बाटली बघितली, वर गेलो. परत खाली. बुडबुडे येतच होते, आणि ते जुनी हवा जातेय की नवी शिरतेय, हे काही कळेना.

ओट्यावरून मावशीचा आवाज आला. "काय करून राह्यला रे? गाडीत जातं, खाली येतं, गाडीत जातं. मुंगीवानी."

"हवा काढतोय ब्रेकची. दोन माणसं लागतात त्याला."

"मंग मी मानूस नाई का?"

मी म्हटलं, नको मावशी, तेल लागेल, त्रास होईल. ती ऐकायच्या आधीच लुगड्याचा काठ खोचून गाडीशी आली होती. पायदानावर पाय ठेवून, दाराला धरून, एकदा "आई वं" म्हणून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. चप्पल काढून खाली ठेवली.

"चप्पल राहू द्या की पायात."

"बिरेक हाय तो. चपलीनं कसं समजन?"

मी खाली चाकाशी बसलो. "दाबा म्हटलं की दाबायचं. आणि सोडा म्हणेपर्यंत पाय तिथंच."

"तू बोल तं आधी."

"दाबा."

"दाबला."

निपल सैल केला, फसफसत तेल आलं. "अरे, खाली चालला पाय. खाली चालला," ती ओरडली आणि घाबरून पाय उचलला. नळीतलं तेल सर्रकन मागे गेलं.

"सोडायचं नाही मावशी."

"तू सांगतलं का पाय खाली जाते म्हून?"

सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं म्हणून जगाला ठाऊक असेल, असं मी धरून चाललो होतो. मग नीट सांगितलं. निपल उघडला की पाय खाली जाणार, जाऊ द्यायचा, तळाला लागला तरी तिथंच धरायचा. पुढच्या वेळी तिनं धरला. "दाबा." "दाबला." "धरा." "धरला." "सोडा." "सोडला." समोरच्या घरची बाई पाणी भरून येत होती, ती हंडा कमरेवर घेऊन उभी राहिली.

"मावशी, डायवर झाल्या काय?"

"हो. चाल बस, तुले माहेरी नेऊन टाकतो."

"माहं माहेर शेगावले हाय."

"मंग तं थांब. अजूक माया गाडीची हवा निघून राह्यली."

मी खाली तिच्या आवाजाला कान लावून बसलो होतो. "धरला" म्हणताना तिच्या आवाजात किती जोर आहे यावरून पॅडल कडक होतंय की नाही ते समजायला लागलं. मधूनच उठून डबी भरत होतो, ती रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून. थोड्या वेळानं नळीतून नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं आणि वरून मावशी म्हणाली, "आता लय कठीन झाला. गोट्यावर पाय ठेवल्यावानी." तेवढंच मला ऐकायचं होतं.

मग तिला तोंडाला लावायची पावडर मागितली. जोड फडक्यानं अगदी कोरडा पुसायचा, त्यावर पावडर भुरभुरायची, आणि पॅडल जोरात दाबून धरायला सांगायचं. जिथून झिरपेल तिथं पांढऱ्यावर डाग उठतो. तिनं बराच वेळ पाय दाबून धरला. मी पाइपाच्या नटाकडे, निपलाकडे, सिलिंडरच्या कडेकडे बघत राहिलो. डाग उठला नाही.

"माही पावडर लावून नवरी सजवून राह्यला का बिरेकची?"

"बघतोय, रडते का."

ती वर बसल्या बसल्या हसली. रंगावर उडालेले थेंब मी पाण्यानं धुऊन काढले, खाली वर्तमानपत्र पसरून गाडी संध्याकाळपर्यंत तशीच उभी ठेवली. कागद कोरडा राहिला.

तरीही मला चैन पडेना. पौर्णिमेच्या संध्याकाळी ती विहारातून खीर घेऊन आली तेव्हा मी सांगून टाकलं. मावशी, पहिल्यांदा मीच चुकीचं तेल लावलं होतं. आता नीट झालंय, पण मी काही मिस्त्री नाही. घाट आहे. दुसरी गाडी बघूया का, मी बघून देतो.

ती खिरीच्या भांड्यावरचं झाकण काढत होती. म्हणाली, "दुसऱ्या गाडीच्या बिरेकवर कोनं पाय ठेवला थे मले काय मालूम? ह्याच्यावर तं मी सोता ठेवला." मग भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "खा. आन् सकाळी निंघू."

निघालो. पलंगाचे पाय वर करून बांधले होते, त्यांत कूलर, त्यावर गादी. अकोट, अंजनगाव, परतवाडा. अंजनगावात माझ्या ओळखीच्या पानमळेवाल्यानं विचारलं, "आज रिकामा?" मावशीच आतून म्हणाली, "रिकामा कसा? मी काय दिसत नाई?" परतवाड्याच्या पुढे रस्ता चढायला लागला. साग सगळा निष्पर्ण, खाली तांबड्या पाचोळ्याचा थर. चढाची मला भीती नव्हती. चढ संपला तिथं मी बाजूला गाडी घेतली, उतरलो, चारही चाकांवर तळहात ठेवून बघितला. सगळी सारखीच कोमट होती. आतला जोड चाचपला, बोटं कोरडी. वर येऊन बसलो.

"काय म्हणते?"

"बरी आहे."

"मंग तुयं तोंड असं काहून?"

सेमाडोहच्या बाजूचा उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतला. ब्रेक कमी लावायचा, पण लावीन तेव्हा तो तिथं पाहिजे. प्रत्येक वळणावर मी पाय ठेवला आणि पॅडल वरच थांबलं. शेजारी मावशी मांडीवर पिशवी धरून बसली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर वळण आलं की तिचाही उजवा पाय खाली पत्र्यावर दाबला जात होता. वळण संपलं की सैल. तिला ते ठाऊक नसावं.

दुपार कलायच्या आत मुलीच्या क्वार्टरपाशी पोचलो. मुलगी कमरेला हात लावून दारात उभी होती, पाय सुजलेले. तिनं आईला पाहिलं आणि म्हणाली, "पलंग काहून आनला? इथं हाय ना पलंग."

"असू दे. त्याच्यावर तुया जन्म झाला," मावशी म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

सामान उतरवलं. कूलर लावून दिला, त्यात पाणी भरलं. मुलीनं मला जेवायला वाढलं, "दादा, अजून भात घ्या" म्हणाली. जेवण झाल्यावर मावशी माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. बाळ तीन-चार महिन्यांचं होईस्तोवर ती इथंच राहणार होती. घराची किल्ली तिनं पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात दिली.

"खोलीत उबून राहू नोको. घरात झोपजो. पंखा हाय."

"हो."

"घाट उतरला का फोन करजो. जंगलात लागत नाई, मालूम हाय मले. परतवाड्यात लागते."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. पेजेचं, त्या सकाळच्या "धरला"चं. शाळा पुरी केली असती तर कदाचित शब्द सापडले असते. मी म्हटलं, "काळजी घ्या मावशी." ती म्हणाली, "कोनाची? माही का पोट्टीची?" आणि मग माझ्या उत्तराची वाट न बघता, "निंघ. अंधार होईन."

परतीची गाडी हलकी होती. हलक्या गाडीला ब्रेक लवकर लागतो. शेजारच्या सीटवर तिनं वाटेत सोललेल्या संत्र्याच्या साली राहिल्या होत्या, त्यांचा वास केबिनमध्ये भरला होता. जाताना जी वळणं मी मोजून मापून घेतली तीच आता आपोआप सरत गेली, आणि माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेलो नाही. उतारावर एकटा असताना मला कधीच भीती वाटली नव्हती. भीती होती ती तिच्यासाठी होती. ती वर राहिली, सुखरूप, कूलरच्या वाऱ्यात, लेकीपाशी. ज्या कामासाठी मी ब्रेक दोनदा उघडला ते झालं होतं. मग एवढं मोकळं मोकळं का वाटत होतं, आणि ते मोकळं वाटणं बरं का वाटत नव्हतं?

परतवाड्याच्या अलीकडे फोनला रेंज आली. मी लावायच्या आधीच तो वाजला.

"उतरला का?"

"आत्ताच उतरलो मावशी."

"केव्हाचा लावून राह्यलो. लागूनच नाई राह्यला." मागे भांड्यांचा आवाज येत होता, मुलगी काहीतरी विचारत होती. "बिरेक लागला ना बराबर?"

"लागला."

"मंग काई तरी खाऊन घे. उपाशी चालवू नोको."

तिनं फोन ठेवला. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. समोर एका गाड्यावर आलूबोंडे तळत होते. तिखट रस्सा घातलेली एक प्लेट घेतली आणि बोनेटला टेकून उभ्यानं खाल्ली. गावाकडे आई असताना होडी आत आली की किनाऱ्यावर कोणी ना कोणी उभं असायचं. ती गेल्यावर मी कुठून उतरलो, कुठं पोचलो, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. गाडेवाल्यानं विचारलं, "कुठून येऊन राह्यले भाऊ?" मी म्हटलं, "धारणीहून. मावशीला सोडून आलो."

"सख्खी मावशी?"

मी हो म्हणालो आणि अजून थोडा रस्सा मागितला.